दक्षिणेचे दार

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून चेलाडीच्या फाट्यावर उजवीकडे वळले की नसरापूर लागते. भोर तालुक्यातले, वेल्ह्याकडे आणि राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. गावालगतच्या दाट झाडीत बनेश्वराचे देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ साली, ते बांधले गेले. देवळातील घंटेवर क्रूस कोरलेला असून १६८३ हे साल आहे. ही घंटा मूळची कोणा चर्चच्या मनोऱ्यावरची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर ती देशावर आली, असे इतिहासकार मानतात. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीसही अशा घंटा आहेत. वसईकडचा भाविक त्या पाहतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी हलते. ते स्वाभाविक आहे. परंतु अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती घंटा दुसऱ्या भाविकांच्या प्रार्थनेत सामील झाली आहे, आणि नाद कोणाचा म्हणून वाद घालण्यात आम्हांला स्वारस्य नाही.

आम्हांला स्वारस्य आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीत. घंटा गेली ती डोळ्यांना दिसली. तिच्याबरोबर आणखी काही गेले ते दिसले नाही. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे विद्यालय होते. संत गोन्सालो गार्सिया याने त्यांच्याच छायेत धडे गिरवले. १७३९ नंतर ते विद्यालय उरले नाही. चर्चेस राहिली, स्थानिक धर्मगुरूंनी श्रद्धा जागती ठेवली; परंतु श्रद्धेच्या शेजारी विद्येचा जो वाडा असावा लागतो, तो पडला तो पडलाच. वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय उभे राहिले ते १९८४ साली. मधली जवळजवळ अडीच शतके आपल्या माणसाला उच्च विद्येसाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले.

ज्या राज्याच्या खजिन्यातून बनेश्वराचे देऊळ उभे राहिले, त्याच खजिन्यातून विद्येसाठीही पैसा वाहत होता. त्या पैशाचे नाव दक्षिणा. या दक्षिणेचे पुढे काय झाले, ती कोणाला मिळाली, कोणाला नाकारली गेली आणि तिच्यातूनच आजची विद्यापीठीय फेलोशिप कशी जन्मास आली, ही हकीकत आपल्या समाजाने ध्यान देऊन वाचावी अशी आहे. कारण तिच्या शेवटच्या पानावर आपले नाव लिहायचे की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे.

रमणा

ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. सेनापती खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पुढे दाभाड्यांचे बळ ओसरले आणि हे काम पेशव्यांनी आपल्याकडे घेतले, असे मानतात. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एक मोठे आवार होते. त्याला रमणा म्हणत. श्रावणमासात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण तेथे जमत. सर्वांना आवारात घेऊन दारे लावीत आणि एकेकास दक्षिणा देत बाहेर सोडीत. शास्त्री आणि वैदिक यांची परीक्षा घेऊन त्यांचा सन्मान वेगळा होई. नानासाहेबांच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात गेला.

या प्रथेची आज टिंगल करणे सोपे आहे. त्यात विद्येपेक्षा जातीचा मान अधिक होता, हे खरेच. पण तिच्यामागे एक जुनी जाणीवही होती : जो माणूस वेद पाठ करतो, न्याय किंवा व्याकरण शिकवतो, तो नांगर धरत नाही आणि दुकानही मांडत नाही; त्याच्या पोटाची तरतूद कोणीतरी केली पाहिजे. ही जाणीव एकट्या हिंदुस्थानची नाही. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठराव केला, की प्रत्येक कॅथिड्रलने शिक्षकासाठी एक वृत्ती राखून ठेवावी, म्हणजे तो धर्मसेवेच्या उमेदवारांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवू शकेल. शिकवण्याच्या परवान्यासाठी कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत. १२५७ च्या सुमारास रोबेर द सोर्बों या धर्मगुरूने पॅरिसमध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह काढले, त्यातूनच सोर्बोन नावारूपास आले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात १२६४ पासून एका मिळकतीच्या उत्पन्नावर एकत्र राहणाऱ्या, एका पंक्तीस जेवणाऱ्या विद्वानांची मंडळी जमली. त्या मंडळीतील प्रत्येक जण ‘फेलो’. फेलो म्हणजे सोबती, वाटेकरी. आज आपण ज्याला फेलोशिप किंवा अधिछात्रवृत्ती म्हणतो, तिच्या मुळाशी भाकरीतला वाटा आहे.

तेव्हा प्रश्न विद्येला पोसावे की नाही हा कधीच नव्हता. पंक्तीत बसू कोणाला द्यायचे, हा होता.

विश्रामबागवाडा

१८१८ साली पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी माणूस होता. दक्षिणा एकदम बंद केली तर पुणे बिथरेल हे तो जाणून होता. त्याने दरसाल पन्नास हजार रुपयांपर्यंत दक्षिणा चालू ठेवली, आणि त्याच पैशातील काही भाग शिक्षणाकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. विद्यार्थी ब्राह्मण, अध्यापक ब्राह्मण. रमण्याच्या जागी वर्ग आला होता; दार मात्र तेवढेच रुंद होते.

ते दार प्रथम आतूनच कोणी ढकलले असेल तर पुण्याच्या तरुण सुशिक्षितांनी. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी सरकारकडे अर्ज केला. पुढे लोकहितवादी म्हणून गाजलेले देशमुख तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. दक्षिणेच्या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, आणि ती देताना जात पाहू नये, ही त्यांची मागणी. सनातन्यांनी हलकल्लोळ केला. स्वतः ब्राह्मण असलेले हे तरुण आपल्याच पंक्तीतले पान दुसऱ्यास वाढा म्हणत होते. सरकारने मागणी अंशतः मान्य केली. दरसाल तीन हजार रुपये वेगळे काढले गेले आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी कामाला लागली.

त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जिजीभाई या पारशी दानशूराच्या देणगीच्या आधाराने येरवड्याची दगडी इमारत उभी राहून १८६८ साली कॉलेज तेथे गेले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. आता हुशार विद्यार्थ्याला शिकत असतानाच शिकवण्याची आणि पदवीनंतरही अभ्यास चालू ठेवण्याची सोय हवी होती. त्यासाठी दक्षिणेच्या निधीतून फेलोशिप ठेवल्या गेल्या. त्यांचे नावच ‘दक्षिणा फेलोशिप’. नसरापूरच्या देवळाला आणि पर्वतीच्या रमण्याला पुरवणारा जो झरा, त्याचेच पाणी आता विद्यापीठाच्या पाटात आले होते.

त्या पाण्यावर कोण वाढले? महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दोघेही दक्षिणा फेलो. दोघेही १८६२ च्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. भांडारकरांनी फेलो असताना पुण्याच्या शास्त्र्यांजवळ संस्कृतचा पाया भक्कम केला. पुढे प्राच्यविद्येच्या युरोपीय पंडितांनी ज्यांचे मत मानावे असे ते विद्वान झाले, आणि १८९३ ते १८९५ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पगार घेऊन केलेल्या दोन-चार वर्षांच्या निवांत वाचनातून काय उभे राहते, त्याचे हे उदाहरण. ती वर्षे जर एखाद्या कचेरीत नकला करण्यात गेली असती, तर महाराष्ट्र एका आचार्याला मुकला असता.

रानड्यांची एक हकीकत चरित्रकार सांगतात. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. विशेष हे, की दोघांचा परस्परांविषयीचा आदर मात्र कायम राहिला. यात फेलोशिपची दुसरी बाजू दिसते. जो भाकरी देतो, तो कधी ना कधी शब्दावरही हक्क सांगू पाहतो. पेशव्यांच्या रमण्यात जात विचारली जाई, साहेबाच्या कॉलेजात निष्ठा. सत्य शोधणाऱ्याने दोन्ही वेळा आपले मन सांभाळावयाचे असते.

दाराबाहेरचे

आता दाराबाहेर उभे असलेल्यांकडे वळू. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, ज्या विश्रामबागवाड्यात ब्राह्मणांची पाठशाळा भरे, तेथेच मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या मुलींच्या शाळांना दक्षिणा निधीतून दरमहा पंचाहत्तर रुपये मंजूर झाले. रमण्यात ज्यांना पाऊलही ठेवता आले नसते, त्यांच्या मुलींच्या पाटी-पेन्सिलीला त्याच दक्षिणेतले पैसे लागले. न्यायाची चाके मंद फिरतात, पण फिरतात.

तथापि, दार पुरते उघडले नव्हते. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. भोळ्या कुणब्याला भिक्षुक कसा नागवतो हा त्याचा विषय. त्यात एक पाद्रीही येतो आणि विद्येचे महत्त्व सांगतो. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांमुळे असे झाले, हे जोतीरावांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. लोकहितवादींनी अर्जात जात पाहू नये असे म्हटले होते. नियम बदलला, पण नियम चालवणारी मने तेवढ्याच वेगाने बदलली नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव तर याहून बोलका. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी असा करार होता. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत, आणि गावात राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. शिष्यवृत्ती मिळाली, पदवी मिळाली, नेमणूकही मिळाली. मिळाले नाही ते घर. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तेव्हा फेलोशिप देणे हे अर्धेच काम होय. ज्याला दिली, त्याला पंक्तीत सन्मानाने बसू देणे हे उरलेले अर्धे.

आपली माणसे

या साऱ्यात ख्रिस्ती समाज कोठे होता, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आपल्याकडे विद्येची भाकरी फार पूर्वी संघाच्या स्वयंपाकघरातून येई. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. गोव्यात साष्टीच्या गावांत फिरणाऱ्या या इंग्रज माणसाला मराठी ओवी आत्मसात करण्याइतका अवकाश मिळाला, कारण त्याच्या निर्वाहाची जबाबदारी त्याच्या संघाने घेतली होती. मठ हे एका परीने आजन्म फेलोशिपच होय.

विद्यापीठाच्या युगात हे काम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजने हाती घेतले. कॉलेजची स्थापना १८६९ ची. १९२२ साली तेथे स्पेनहून फादर हेन्री हेरास आले. महाविद्यालयात इतिहास शिकवला जाई तो परीक्षेपुरता. हेरासांना विद्यार्थ्यांनी मूळ साधने हाताळावीत असे वाटे. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था काढली. ग्रंथालय, नाणी, मूर्ती, हस्तलिखिते, आणि त्यांच्यामध्ये बसून प्रबंध लिहिणारे विद्यार्थी. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गोव्याचे जॉर्ज मोराइश हे त्यांचे शिष्य. त्यांचा कदंब राजांवरचा ग्रंथ १९३१ चा. त्यांचे दुसरे शिष्य हसमुख धीरजलाल सांकळिया. एम.ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला, तो १९३४ साली ग्रंथरूपाने निघाला. आपल्या विषयाशी त्या प्रबंधाचा संबंध मोठा जवळचा आहे : नालंदाच्या निर्वाहासाठी सुमारे शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते असे ह्युएन त्संगचा वृत्तांत सांगतो, आणि पुढे इत्सिंग दोनशेहून अधिक गावे असल्याचे लिहितो. विद्यार्थ्याने अन्नासाठी दारोदार फिरू नये, एवढ्यासाठी राजाने गावे दिली.

योगायोग पाहा. १९३४ सालीच काटकसरीच्या नावाखाली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. जिजीभाईंची देणगी ज्या उद्देशाने दिली तो उद्देश सरकारला मोडता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. त्या लढ्याला यश आले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेथे पुरातत्त्वाची धुरा वाहण्यासाठी आले ते हेरासांचे शिष्य सांकळिया. त्यांच्याबरोबरच इरावती कर्वेही आल्या. नेवासे, जोर्वे आणि पुढे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथल्या उत्खननांनी महाराष्ट्राचा इतिहास तीन-साडेतीन हजार वर्षे मागे नेला. पेशव्यांची दक्षिणा, पारशाची देणगी, येशूसंघीय गुरूची शिकवण आणि गुजराती शिष्याची कुदळ; या चौघांनी मिळून मराठी मातीचा पूर्वेतिहास उकरला. विद्येचे कुळ हे असे असते.

याच डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये फादर गी दलरी या फ्रेंच येशूसंघीयाचा विठ्ठलभक्तीवरील प्रबंध छापला. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंच भाषेत नेले. जर्मनीहून आलेले फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारांवर प्रबंध लिहिला आणि पुण्याच्या स्नेहसदनाला संवादाचे घर केले. ज्या दक्षिणेच्या रमण्यात एकेकाळी एकाच जातीला प्रवेश होता, तिच्या वारसदार संस्थेने पंढरीच्या वारीवर एका कॅथलिक धर्मगुरूचा ग्रंथ प्रसिद्ध केला, हे दृश्य आम्हांला फार मोलाचे वाटते.

परंतु हे सारे धर्मगुरू परदेशचे आणि संघाचे. आपल्या वसई-पालघरच्या, अहमदनगर-संभाजीनगरच्या, पुण्या-कोल्हापूरच्या प्रापंचिक कुटुंबांतून किती संशोधक निघाले? ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरी लिपीत १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाले ते शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने. भारतातील मुद्रणकलेचा, म्हणजे पर्यायाने गोव्यातील मिशनरी छापखान्याचा इतिहास १९५८ साली लिहिला अ. का. प्रियोळकरांनी. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा मोठा अभ्यास केला गंगाधर मोरजे यांनी. या तिघांचे ऋण आपल्यावर आहे आणि ते आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण आपल्या आजोबांच्या पेटीतील कागद दर वेळी शेजाऱ्यानेच वाचून दाखवावेत, ही गोष्ट फारशी भूषणावह नव्हे.

मोठ्या कामाचे लहान हात

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकटा आचार्य येतो. वस्तुतः विद्यापीठ आणि संशोधनसंस्था या अनेक हातांनी चालतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ ची. तेथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुखटणकरांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण पोथी समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठभेद तक्त्यात उतरवणारे कितीतरी सेवक होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी या कार्यास एक लाख रुपये देऊ केले, म्हणून त्यांच्या पगाराची सोय सुरू झाली. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एकेक चिठ्ठी कोणाच्या तरी हातची आहे.

ग्रंथपाल, अभिलेखपाल, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, प्रकल्प साहाय्यक, संपादन साहाय्यक, संगणकावर हस्तलिखितांच्या प्रतिमा जतन करणारे कर्मचारी : ही सारी विद्येचीच सेवा. ज्याला प्रबंध लिहिण्याची ओढ नाही, पण नेटके आणि प्रामाणिक काम करण्याची सवय आहे, त्यालाही या वाड्यात जागा आहे. आपल्या समाजातील मुले-मुली नेटक्या कामासाठी इस्पितळांत आणि कचेऱ्यांत नावाजली जातात. मग ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत का नाही?

आजचे दार

आज हे दार कसे आहे, ते थोडक्यात पाहू. अधिछात्रवृत्तीसाठी आता जन्म विचारत नाहीत, परीक्षा विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘नेट’ ही परीक्षा १९८९ पासून आहे. तिच्यात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., मिळते. विज्ञानाच्या विषयांसाठी आयोग आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद मिळून वेगळी परीक्षा घेतात. १ जानेवारी २०२३ पासून जे.आर.एफ.ची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये झाली. महाराष्ट्र व गोव्यासाठीची ‘सेट’ ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ती उत्तीर्ण होणारा साहाय्यक प्राध्यापकपदास पात्र ठरतो. १ जुलै २०२३ पासून त्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट अथवा सेट ही किमान अट आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्के गुणांनी मिळवणाऱ्यास थेट पीएच.डी.कडे जाता येते.

नसरापूर, भोर किंवा वेल्ह्याच्या मुलाला यासाठी समुद्र ओलांडावयाचा नाही. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, खगोलशास्त्राचे आयुका आहे, आयसर आहे, डेक्कन कॉलेज आणि भांडारकर मंदिर आहे. अंतर तासा-दीड तासाचे. अडचण अंतराची नाही. तेथे आपल्यासाठी काही असू शकते हे घरात कोणी कधी बोललेले नसते, ही आहे. दक्षिणेला जाणाऱ्या ब्राह्मण मुलाला त्याच्या आजाने रमण्याची वाट सांगितलेली असे. पहिल्या पिढीच्या पदवीधराला वाट सांगणारा आजा नसतो.

तरी चित्र रंगवताना काळोखही दाखवला पाहिजे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या पुष्कळ जागा रिकाम्या राहतात, आणि नेट-सेट झालेले तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. सुट्टीत त्यांना वेतन नाही. अल्पसंख्य समाजांतील संशोधकांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. इतर योजनांशी ती एकरूप होते, असे कारण दिले गेले. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक दार त्या वर्षी लागले. त्याविषयी नेमस्तपणे पण स्पष्टपणे बोलणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. १८४९ च्या तरुणांनी अर्जच केला होता. १९३४ च्या माजी विद्यार्थ्यांनी न्यायालय गाठले होते. दोघांपैकी कोणीही दगड उचलला नाही, आणि दोघेही जिंकले.

पण मागणीबरोबर स्वतःचे पानही वाढावे लागते. शिफारसपत्र मागण्यासाठी धर्मग्रामाच्या कचेरीत जी मुले येतात, ती बहुधा परिचर्येच्या, हॉटेलच्या किंवा परदेशच्या नोकरीसाठी येतात. ही कामे सन्मानाची आहेत; त्यांनी कितीतरी घरे उभी केली. मात्र संशोधनासाठी पत्र मागणारा विरळा. याचे कारण बुद्धीचा अभाव नव्हे. तिशीपर्यंत मिळकत स्थिर नसलेल्या मुलाला धीर देणे घराला जड जाते, हे खरे कारण. ‘अजून शिकतोच आहेस का?’ हा लग्नसमारंभातला प्रश्न कित्येक प्रबंध अर्ध्यावर सोडायला लावतो.

म्हणून आमच्या मनात एक साधी योजना आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वार्षिक सणाच्या खर्चातून काही अंश काढून एक छोटी दक्षिणा ठेवावी. तिच्यातून मोठी फेलोशिप देता येणार नाही. पण परीक्षेचे शुल्क, पुस्तके, पुण्या-मुंबईतला काही महिन्यांचा मुक्काम एवढे नक्की होईल. ती देताना जात, पोटजात, गाव, आपला-परका हे पाहू नये. लोकहितवादींचा धडा आपणही गिरवावा. जे कोणी विद्यापीठांतून निवृत्त झाले आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ मुलांना वाट सांगण्यासाठी द्यावी. आणि अभ्यासाला विषय हवे असतील तर ते आपल्या अंगणात पडले आहेत : धर्मग्रामांच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, सामवेदी व इतर बोली, मराठी ख्रिस्ती गीतांची परंपरा, देशावरच्या देवळांतील त्या क्रूसांकित घंटांची शास्त्रशुद्ध नोंद. यातील एकेक विषय एकेका आयुष्याला पुरेल.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांविषयी जे पत्र प्रसिद्ध केले, त्याचा मथितार्थ असा, की विद्यापीठ ख्रिस्तसभेच्या हृदयातून जन्मले आणि सत्याचा शोध हीच त्याची सेवा. आपण शाळा पुष्कळ काढल्या. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला ज्ञान ग्रहण करणारा म्हणून तर आपण घडवलेच; आता ज्ञान निर्माण करणारा म्हणून घडवण्याची वेळ आली आहे. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील सेवकाने धन्याचे नाणे बुडवले नव्हते, उधळलेही नव्हते. केवळ भीतीपोटी ते जमिनीत पुरून ठेवले होते. धन्याचा राग त्याच्या भीतीवर होता. दक्षिणेचे दार आपल्यासाठी इतरांनी, पुष्कळ सोसून, किलकिले केले आहे. ते आता आपण आपल्या मुलांचा हात धरून पुरते उघडले पाहिजे, आणि आपल्या मागून येणाऱ्यासाठी ते उघडेच ठेवले पाहिजे.